खुब्याचा सांधा: प्रारूपात चिकटलेली हाडे कशी सुटली

सीटी स्कॅनवरून खुब्याच्या सांध्याचे त्रिमितीय प्रारूप तयार करताना मांडीच्या हाडाचा गोल माथा आणि कटीच्या हाडातील त्याची खोबण मिसळून एकसंध ठोकळा होत होता. सीटीतील घनता दाखवणाऱ्या हाउन्सफील्ड मापनात पाणी ० आणि हवा उणे १००० असते, हाडाचे मूल्य बरेच वर असते. म्हणून उंबरठा-मूल्य (ज्याच्या वरचे सगळे हाड धरले जाते ते मूल्य) वाढवले, तर खोबणीच्या पातळ भिंतीला भोके पडली आणि जोड मात्र तसाच राहिला.

कारण छेदांच्या (स्कॅनमधील एकेका कापाच्या) जाडीत होते. सांध्यातील फट छेदाच्या जाडीपेक्षा अरुंद असेल, तर एकाच व्हॉक्सेलमध्ये (त्रिमितीय प्रतिमेच्या सर्वांत लहान ठोकळ्यात) हाड आणि कूर्चा (सांध्यात हाडांवर असलेले गुळगुळीत आवरण) यांची सरासरी येते आणि ती पातळ हाडाच्या मूल्याइतकीच भरते, त्यामुळे कोणताही एकच उंबरठा फट आणि पातळ भिंत या दोन्हींना न्याय देऊ शकत नाही. सुदैवाने मूळ कच्ची माहिती अजून जपलेली होती (ती सहसा लवकर पुसली जाते), तिच्यावरून पातळ छेद पुन्हा काढून घेतले, प्रत्येक हाडात वेगळे बीजबिंदू (सुरुवातीच्या खुणा) ठेवून वॉटरशेड पद्धतीने, म्हणजे त्या खुणांपासून पसरणारे भाग जिथे भेटतात तिथे, सीमा आखली आणि उरलेले मोजके छेद हाताने दुरुस्त केले.

पृष्ठभाग गुळगुळीत करण्यासाठी साधी लाप्लास पद्धत (प्रत्येक बिंदू शेजारच्या बिंदूंच्या सरासरीकडे सरकवणारी) मी टाळली, कारण तिने हाड आकसते आणि फट खोटीच रुंदावते. टाउबिन पद्धतीत हे आकसणे बरेच आवरले जाते. साध्या सीटीत कूर्चा नीट दिसत नसल्याने ती एमआरआयवरून घेतली आणि हाडांच्या कडा जुळवून बसवली.