माळ्यासाठी शिडी घेताय? आधी टेप लावा

दिवाळीची साफसफाई आली की माळा काढायचा असतो आणि मग घरोघरी खुर्चीवर स्टूल ठेवून आई वर चढते, खाली कोणीतरी धरून उभं, हे खरंच नका करू, एक नीट शिडी घ्या.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो किती पायऱ्यांची देऊ. त्याचं उत्तर घरून घेऊन जा. जमिनीपासून माळ्याच्या कडेपर्यंत माप घ्या, फ्लॅटमध्ये बहुतेक ७ फुटांच्या आसपास भरतं. आता जो चढणार त्याची उंची बघा, ५ फूट २ इंचाची बाई ३ फुटांवर उभी राहिली की खांदे माळ्याच्या लेव्हलला येतात, म्हणजे डबा समोरून ओढता येतो, डोक्यावरून उतरवावा लागत नाही. म्हणून उभं राहायची पायरी ३ ते साडेतीन फुटांवर हवी, आणि तिच्या वर पोटाला टेकायला दांडा असलेलीच घ्या, कारण पितळी पातेलं काढताना दोन्ही हात अडकलेले असतात.

दुसरं माप जागेचं. बाथरूमवरचा माळा असेल तर पॅसेज अरुंद असतो, घोडा, म्हणजे दोन्हीकडे पाय उघडून आपल्या आपण उभी राहणारी घडीची शिडी, पूर्ण उघडून त्याचं तोंड माळ्याकडे राहतंय का बघा. आडवा लावून बाजूला वाकून सामान ओढलं तर शिडी कलंडते. अर्धवट उघडून भिंतीला टेकवणं तर अजिबात नको, तो त्यासाठी बनवलेलाच नसतो.

गावच्या घरात झडपेतून आत चढायचं असेल तर घोडा चालणार नाही, टेकवायची शिडी लागते, आणि ती कडेच्या वर ३ फूट तरी यायला हवी नाहीतर उतरताना धरायला काहीच नसतं. ८ फुटांवर माळा असेल तर पाय भिंतीपासून २ फूट लांब ठेवायचे, ४ ला १ हे प्रमाण, म्हणजे शिडी साडेअकरा फुटांची घ्या.

ॲल्युमिनियम हलकं, बायकांनाही एकटीने उचलता येतं म्हणून घरात तेच बरं, फक्त त्यातून करंट जातो, माळ्याजवळ उघडी वायर किंवा होल्डर असेल तर फायबरची बघा. वजनाची मर्यादा १५० किलो लिहिलेली घ्या, त्यात माणूस आणि हातातलं सामान दोन्ही धरायचं. पैसे देण्याआधी दुकानातच उघडून दुसऱ्या पायरीवर चढून हलवून बघा, लॉक पूर्ण बसतो का, चारही रबरी बूट जमिनीला टेकतात का. बूट वेगळे मिळतात का तेही तिथेच विचारून घ्या, झिजले की बदलावेच लागतात.