थायरॉईडची गोळी, खाजगी लॅबचा रिपोर्ट आणि मात्रेचा निर्णय

बेळगाव शहरात, तसेच खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत, थायरॉईडची तपासणी करून घेण्यासाठी आता डॉक्टरांच्या चिठ्ठीची वाट पाहावी लागत नाही. लॅबचा माणूस सकाळी घरी येऊन रक्त घेऊन जातो, रिपोर्ट मोबाईलवर येतो आणि जुनी चिठ्ठी दाखवली की मेडिकल दुकानातून गोळ्यांची बाटलीही मिळते. साहजिकच अनेक जण, विशेषतः गोळी सुरू होऊन काही वर्षे झालेल्या स्त्रिया, डॉक्टरांकडे जाणे सोडून देतात आणि रिपोर्टमधील आकडा पाहून स्वतःच मात्रा कमी-जास्त करतात. यातील बरीचशी कामे रुग्णाला स्वतः उत्तम करता येतात: तपासणी योग्य वेळी करणे, गोळी योग्य रीतीने घेणे आणि नोंद ठेवणे. मात्रा बदलण्याचा निर्णय मात्र एकट्याने घेण्याजोगा नाही, आणि त्याची कारणे थायरॉईड मंदावण्याच्या या आजाराच्या स्वरूपातच आहेत.

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच नावाचे संप्रेरक सोडून गळ्यातील थायरॉईड ग्रंथीला कामाला लावते. थायरॉईड मंदावली की पीयूषिका अधिक जोर लावते आणि रक्तातील टीएसएच वाढते. म्हणून टीएसएच जास्त म्हणजे थायरॉईड कमी, असा उलटा हिशोब आहे. अनेक जण येथेच फसतात आणि आकडा वाढलेला पाहून ‘थायरॉईड वाढला’ असे समजून गोळी कमी करतात. प्रौढांमध्ये टीएसएच साधारण ०.४ ते ४ या मर्यादेत असावे असे मानले जाते, परंतु प्रत्येक लॅबची मर्यादा थोडी वेगळी असते आणि ती रिपोर्टवर छापलेली असते. वय सत्तरीच्या पुढे गेल्यावर थोडे वाढलेले टीएसएच हा आजार असेलच असे नाही.

पहिले निदान मात्र डॉक्टरांकडूनच व्हावे. बेळगावात नेहरू नगरमधील केएलईचे रुग्णालय आणि बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे जिल्हा रुग्णालय असताना यात हयगय करण्याचे कारण नाही. बहुतेक रुग्णांत शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटलेली असते. १९१२ मध्ये जपानी डॉक्टर हाशिमोटो यांनी वर्णन केलेला हा आजार अँटी-टीपीओ या रक्तातील प्रतिपिंडांच्या तपासणीत बहुधा दिसून येतो, आणि ती तपासणी एकदा झाली की पुन्हा पुन्हा करण्याची गरज नसते. परंतु काही स्त्रियांत बाळंतपणानंतर ग्रंथी काही महिने मंदावते आणि आपोआप सावरते, काहींत मानसिक आजारावरील लिथियम किंवा हृदयाच्या ठोक्यांवरील अमियोडॅरोन यांसारख्या औषधांमुळे बिघाड होतो, आणि क्वचित दोष पीयूषिकेतच असतो. या शेवटच्या प्रकारात टीएसएचचा आकडा अगदी व्यवस्थित दिसूनही रुग्ण आजारी असतो. शिवाय मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथीही कमी काम करत असेल आणि ते लक्षात न येता थायरॉईडची गोळी सुरू झाली, तर जिवावर बेतू शकते. घरी बसून रिपोर्ट वाचणाऱ्याला यांतील काहीही कळण्याचा मार्ग नाही.

टीएसएच किंचित वाढलेले आणि फ्री टी४, म्हणजे थायरॉईडच्या स्वतःच्या संप्रेरकाची रक्तातील पातळी, व्यवस्थित असेल, तर घाईने आयुष्यभराची गोळी सुरू करू नये. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे, कारण पुष्कळदा आकडा आपोआप खाली येतो. टीएसएच १० च्या वर टिकून राहिले तर सहसा उपचार दिले जातात. त्याखाली वय, लक्षणे, गर्भधारणेचा विचार, हृदयाची स्थिती हे सर्व पाहून ठरवावे लागते.

तपासणी कोणती आणि केव्हा

गोळी सुरू असलेल्या रुग्णाला नेहमीच्या देखरेखीसाठी टीएसएच पुरेसे असते; फार तर सोबत फ्री टी४ करावे. लॅबवाले ‘फुल बॉडी’च्या पॅकेजमध्ये टी३ पासून अनेक आकडे देतात. त्यांतील बहुतेकांमुळे निर्णय बदलत नाही, पैसे मात्र जातात. पोट रिकामे असण्याची सक्ती या तपासणीला नाही, परंतु टीएसएच दिवसभरात बदलते, रात्री आणि पहाटे ते अधिक असते. म्हणून दर वेळी सकाळी साधारण एकाच वेळी रक्त द्यावे. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी, कारण गोळी घेतल्यावर काही तास फ्री टी४ चढलेले दिसते. खानापूरहून बसने बेळगावला येऊन रक्त देणाऱ्यांनी गोळी सोबत आणावी म्हणजे ती राहून जात नाही.

केस गळतात म्हणून पुष्कळ जण बायोटिनच्या गोळ्या घेतात. काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटेच कमी आणि टी४ खोटेच जास्त येते. रुग्ण बरा नसतानाही मात्रा जास्त झाल्याचा भास होतो. तपासणीपूर्वी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावे, मात्रा मोठी असल्यास त्याहून अधिक. ताप, डेंग्यू, शस्त्रक्रिया किंवा रुग्णालयातील मुक्काम यांच्या काळात केलेली तपासणीही भरवशाची नसते. बरे होऊन काही आठवडे गेल्यावर ती करावी.

निपाणीचे लोक कधी बेळगावला, कधी कोल्हापूरला तपासणी करतात, आणि चंदगडचे लोक इकडे येतात. लॅब बदलली की पद्धत आणि मर्यादा बदलते, आणि दोन आकड्यांची तुलना फसवी ठरते. शक्यतो लॅब एकच ठेवावी.

मात्रा बदलल्यानंतर किंवा गोळीची कंपनी बदलल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनीच तपासावे, हा नियम सर्वांत अधिक मोडला जातो. या औषधाचे अर्धायुष्य, म्हणजे शरीरातील औषध निम्मे होण्याचा काळ, सुमारे सात दिवसांचे असते, त्यामुळे रक्तातील पातळी स्थिर व्हायला साधारण सहा आठवडे लागतात. दोन आठवड्यांनी तपासून ‘काही फरक नाही’ म्हणून मात्रा आणखी वाढवली, की दोन महिन्यांनी ती नको तितकी वाढल्याचे दिसते आणि मग ती घटवण्याचा खेळ सुरू होतो. आकडा स्थिर झाल्यावर सहसा सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा तपासणी पुरते.

गोळी घेण्याची रीत

बिघडलेल्या आकड्यांचे कारण बहुतेक वेळा मात्रेत नसते, सकाळच्या चहात असते. थायरॉईडची गोळी, म्हणजेच लेव्होथायरॉक्सीन, अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास, शक्य झाल्यास एक तास, चहा, कॉफी, दूध किंवा नाश्ता घेऊ नये. उठल्याउठल्या चहा घेतल्याशिवाय ज्यांचे चालत नाही त्यांनी ही अडचण डॉक्टरांना सांगावी. रात्रीच्या जेवणानंतर किमान तीन तासांनी, झोपताना गोळी घेणेही चालते, फक्त रोज तीच वेळ पाळावी. कॅल्शियमची गोळी, लोहाची गोळी आणि आम्लपित्ताची अँटासिडे यांच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचे अंतर ठेवावे. ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांनी शोषण कमी होते, तर क्षयरोगावरील रिफाम्पिसिन आणि फिट्सवरील फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिन यांमुळे मात्रा अधिक लागू शकते. असे नवे औषध सुरू झाले, तर थायरॉईडच्या डॉक्टरांना कळवणे रुग्णाच्याच हाती असते, कारण दोन डॉक्टर एकमेकांशी बोलतातच असे नाही.

एकादशी असो की मार्गशीर्षातला गुरुवार, पाण्याबरोबरची गोळी उपवासात टाळू नये. विसर पडल्यास त्याच दिवशी आठवताच घ्यावी. बाटलीवरील आकडा प्रत्येक खरेदीला तपासावा, १२.५ आणि १२५ मायक्रोग्रॅम यांत दहापट फरक आहे, आणि घाईत वाचणाऱ्या दुकानदाराच्या नजरेतून दशांश चिन्ह सहज सुटते.

कोबी आणि फुलकोबी यांची भीती अनावश्यक आहे. शिजवलेली भाजी नेहमीच्या प्रमाणात खाण्याने आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या रुग्णाचे काही बिघडत नाही. ‘थायरॉईड बरा करणारे’ आयोडीनचे थेंब आणि समुद्री शेवाळाच्या गोळ्या मात्र हाशिमोटोच्या रुग्णात आजार वाढवू शकतात. अश्वगंधेनेही थायरॉईडची संप्रेरके वाढल्याच्या नोंदी आहेत. ती घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नये.

मात्रा स्वतः का बदलू नये

पूर्ण उपचाराची मात्रा प्रौढांत साधारण दर किलो वजनाला १.६ मायक्रोग्रॅम धरली जाते, पण हा केवळ अंदाज आहे. वयस्क आणि हृदयरुग्णांना १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून हळूहळू सुरुवात करून देतात, कारण एकदम वाढवल्यास छातीत दुखणे किंवा हृदयाची गती बिघडणे संभवते. शेजारणीला १०० ची गोळी मानवते म्हणून आपल्यालाही मानवेल, हा हिशोब धोक्याचा आहे. वजन उतरावे किंवा थकवा जावा म्हणून मात्रा वाढवली, तर काही काळ उत्साह वाटतो खरा, परंतु टीएसएच दीर्घकाळ दाबलेले राहिल्यास हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडे ठिसूळ होतात, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांत. थकव्याचे कारण पुष्कळदा रक्तक्षय, बी१२ ची कमतरता, मधुमेह किंवा झोपेचा त्रास असते. टीएसएच मर्यादेत असूनही थकवा कायम असेल, तर पुढची तपासणी त्यांची करावी.

मूल हवे असलेल्या स्त्रीने गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांकडे जाऊन, पाळी चुकताच काय करायचे याची सूचना लेखी घ्यावी. गर्भ राहिल्यावर मात्रा बहुधा २५ ते ३० टक्क्यांनी वाढवावी लागते आणि गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्यात दर चार आठवड्यांनी तपासावे लागते. वेळ दवडल्यास गर्भपाताचा धोका वाढतो आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. या काळात, तसेच मुलांच्या बाबतीत, गोळी स्वतःच्या अंदाजाने बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. छातीत दुखणे, सतत धडधड, धाप, किंवा अतिशय सुस्ती आणि गोंधळलेपण जाणवल्यास रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

नोंदीसाठी साधी वही पुरते. तीत तारीख, लॅब, टीएसएच, फ्री टी४, गोळीची मात्रा आणि कंपनी, वजन, सोबतची औषधे, आणि चुकलेल्या गोळ्या लिहाव्यात. डॉक्टर कन्नडभाषिक असले, तर आकडे मोठ्या अक्षरांत लिहिल्याने भाषेची अडचण उरत नाही. खानापूर तालुक्यात कणकुंबी, जांबोटीकडे पावसाळ्यात रस्ता बंद पडू शकतो, म्हणून मृगापूर्वीच दोन महिन्यांच्या गोळ्या घरी असाव्यात. त्या बाटलीतच, झाकण घट्ट लावून, ओल आणि उन्हापासून दूर ठेवाव्यात, आणि उन्हाळ्यात अथणी-रायबागच्या बाजूला खिडकीलगतच्या कपाटात तर मुळीच ठेवू नयेत.