भांडी बाजारातलं दुकान मोबाईलवर: ऑनलाइन विक्रेत्यासाठी टेम्प्लेट कसं करावं

नाशिकच्या भांडी बाजारात कुणी तांब्याचं घंगाळ बघायला आलं की दुकानदार ते आधी उलटं करतो. बुडावर टिचकी मारून आवाज ऐकवतो, मग काट्यावर ठेवतो, वजन सांगतो, आणि भाव अगदी शेवटी. ऑनलाइन दुकानाचं टेम्प्लेट करायला बसले तेव्हा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो याच क्रमाचा. रंग, बॅनर, फॉन्ट हे सगळं नंतर आलं.

टेम्प्लेट म्हणजे साचा. ऑनलाइन बाजारात त्याचे दोन भाग असतात. एक दुकानाचं दर्शनी पान: वरचा बॅनर, विभाग, दुकानाची ओळख. दुसरा प्रत्येक वस्तूच्या लिस्टिंगचा, म्हणजे त्या वस्तूच्या विक्रीच्या पानाचा: फोटो कुठल्या क्रमाने, माहिती कुठल्या क्रमाने, काय कायम राहणार आणि काय दर वेळी बदलणार. पहिला भाग डोळ्यांत भरतो म्हणून सगळे त्यावर मेहनत घेतात. विक्री मात्र दुसऱ्यावर होते. आणि हा साचा रोज वापरणारा माणूस तुम्ही नसता, विक्रेता असतो. मी ज्या दुकानाचं काम केलं तिथे गल्ल्यावर काका बसतात आणि लिस्टिंग त्यांच्या सूनबाई टाकतात, तेही मोबाईलवरून, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात. हे डोळ्यांसमोर ठेवूनच पुढच्या पायऱ्या वाचा.

पहिली पायरी: दुकानात बसा आणि प्रश्न लिहून घ्या

लॅपटॉप घरी ठेवा. वही घेऊन अर्धा दिवस दुकानात बसा आणि गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत टिपा. माझ्या वहीत त्या दिवशी हे प्रश्न उतरले: वजन किती? किती लिटर मावतं? ठोक्याचं हाताचं की मशीनचं? अखंड आहे की जोड दिलाय? आतून कल्हई आहे का? काळं पडेल का? यात ताक चालेल का? काका प्रत्येकाला न कंटाळता उत्तर देत होते. मला म्हणाले, “अगं, भाव सगळेच विचारतात. पण घेणारा असेल तो वजन विचारतो.”

हे एक वाक्य साच्याच्या कामी आलं. लिस्टिंगमध्ये वजनाचा रकाना सगळ्यात वर गेला.

प्रत्येक प्रश्नाचा एक रकाना करायचा. भरल्यावर तो असा दिसतो:

वस्तू: तांब्याचा लोटा, हाताच्या ठोक्याचा
वजन: सुमारे ३५० ग्रॅम
मावतं: १ लिटर
उंची १४ सेंमी, पोटाचा व्यास १३ सेंमी
जोड: नाही, अखंड
कल्हई: नाही, फक्त पाण्यासाठी
जपणूक: हवेने आणि पाण्याने तांबं काळवंडतं. चिंच-मीठ लावून घासलं की पुन्हा उजळतं.

“सुमारे” हा शब्द हाताच्या कामाला आवश्यक आहे. ठोक्याची दोन भांडी वजनाला अगदी तंतोतंत सारखी उतरत नाहीत, आणि हे आधी सांगितलं नाही तर २० ग्रॅमवरून तक्रार येते. जपणुकीची ओळ विक्रेत्याला नको वाटते, माल कमी दिसेल अशी भीती असते. पण ती ओळ नसेल तर तांबं काळवंडलं की गिऱ्हाइकाला आपण फसलो असं वाटतं. कल्हईच्या रकान्याला तर रिकामं राहू देऊच नका. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत आंबट पदार्थ ठेवला की धातू त्यात उतरतो. दुकानात काका ताकाच्या प्रश्नाला लगेच “नाही” म्हणतात. ऑनलाइन ते “नाही” म्हणायला साच्याशिवाय कुणी नसतं.

दुसरी पायरी: कुठे विकणार, तिथले नियम आधी बघा

एकच डिझाइन सगळीकडे चालत नाही. ॲमेझॉनवर स्वतःचं दर्शनी पान करायला ब्रँडची नोंदणी लागते आणि त्यासाठी ट्रेडमार्क, म्हणून त्या कागदपत्रांचं काम डिझाइनच्याही आधी सुरू करा. तिथलं पान तयार चौकटी जुळवून बनतं, स्वतःचा कोड चालत नाही. वरचं मोठं चित्र ३००० बाय ६०० पिक्सेलचं द्यावं. वस्तूच्या मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी हवी, म्हणजे आरजीबीत (लाल, हिरवा, निळा) तिन्ही आकडे २५५, आणि वस्तूने चौकटीचा किमान ८५ टक्के भाग भरावा. त्या फोटोवर लोगो किंवा अक्षरं चालत नाहीत.

एट्सी हा हस्तकलेच्या वस्तूंचा ऑनलाइन बाजार. तिथे परदेशी गिऱ्हाईक जास्त. मोठा बॅनर १६०० बाय ४००, दुकानाचं चिन्ह ५०० बाय ५००, आणि वर्णन साधा मजकूर. म्हणजे ठळक अक्षरं नाहीत, तक्ता नाही. सगळी रचना ओळींच्या मोकळ्या जागेने आणि क्रमाने साधायची.

ईबे या ऑनलाइन बाजारात मात्र वर्णनात एचटीएमएल, म्हणजे पानाची मांडणी लिहायचा कोड, चालतो, म्हणून टेम्प्लेट विकणाऱ्यांचा जोर तिथे असतो. २०१७ पासून तिथे जावास्क्रिप्ट, फ्लॅश असला सक्रिय मजकूर बंद आहे. कुठून जुनं टेम्प्लेट उचललंत तर त्यातले फिरते फोटो आणि उघडझाप करणारे टॅब काढून टाका. साधं एचटीएमएल, स्टाइल त्यातच लिहिलेली, एवढंच ठेवा. ही मापं अधूनमधून बदलतात, म्हणून काम सुरू करण्याच्या दिवशी त्या त्या ठिकाणच्या मदत-पानावर एकदा पडताळून घ्या.

तिसरी पायरी: वहीच्या पानावर मोबाईल ठेवा

खरोखर ठेवा, आणि कडेने पेन्सिल फिरवा. त्या चौकटीत बोटाने वर न सरकवता जे दिसेल तेवढीच तुमची दर्शनी जागा. तिच्यात दुकानाचं नाव, दुकान काय विकतं ते एका ओळीत, आणि तीन-चार विभाग बसले पाहिजेत. आमचे विभाग आधी धातूप्रमाणे होते: तांबं, पितळ, कासं. सूनबाईंनी ते बदलायला लावले. त्यांचं म्हणणं, “घरात लागतं काय ते लोकांना ठाऊक असतं, कशाचं हवं ते ठाऊक नसतं.” मग विभाग झाले पूजेची भांडी, पाण्याची भांडी, स्वयंपाकाची भांडी, भेटीसाठी. ताम्हण, पळी-पंचपात्र, समई एका ठिकाणी. हंडा, कळशी, तांब्या दुसऱ्या. शोधायला सोपं झालं.

बॅनरमधलं महत्त्वाचं सगळं मधल्या भागात घ्या. मोबाईलवर कडा कापल्या जातात आणि दुकानाच्या नावातलं शेवटचं अक्षर जातं.

चौथी पायरी: अक्षरं मराठी दिसू द्या

इंग्रजीसाठी केलेल्या टेम्प्लेटमध्ये मराठी मजकूर ओतला की तीन गोष्टी बिघडतात. मथळ्याला अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असेल तर शिरोरेषा तुटते आणि शब्द विखुरतो. ते अंतर शून्य करा. ओळींमधली जागा कमी असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. अक्षराच्या आकाराच्या दीडपट किंवा थोडी जास्त ओळ-उंची ठेवा. तिसरी गोष्ट ल आणि श. मराठी वळणाचे ल-श आणि हिंदी वळणाचे ल-श वेगळे असतात. काही फॉन्टमध्ये दोन्ही असतात आणि पानाची भाषा मराठी अशी नोंदवली की मराठी वळण आपोआप येतं. मुक्त, नोटो सान्स देवनागरी, तिरो देवनागरी मराठी हे मोफत फॉन्ट लावून बघा, आणि “बाल्या”, “शिल्लक”, “दुसऱ्या” हे शब्द लिहून पारखा. “ऱ्या” नीट आला तर पुढे जायला हरकत नाही.

बॅनरवर जे लिहाल ते चित्रात असतं, त्यामुळे शोधात सापडत नाही. वस्तूंची नावं मजकुराच्या रकान्यातच हवीत.

पाचवी पायरी: फोटोंचा क्रम ठरवून द्या

तांबं आरशासारखं वागतं. समोर जे असेल ते त्यात दिसतं: फोटो काढणारा, ट्यूबलाइट, समोरची दुकानं. खिडकीच्या बाजूला, थेट ऊन न येणाऱ्या जागी, तिन्ही बाजूंनी पांढरी चादर लावून फोटो काढा. बल्ब बंद. आम्ही पहिली तुकडी दुकानातल्या पिवळ्या दिव्यात काढली होती आणि तांब्याची कळशी फोटोत पितळेसारखी आली. ज्या बाईंनी पितळेची समजून मागवली त्यांनी परत पाठवली. चूक आमची होती. सगळे फोटो पुन्हा काढले.

क्रम असा: पहिला पांढऱ्यावरचा मुख्य, दुसरा बुडाचा, तिसरा आतला, चौथा ठोक्यांचा अगदी जवळून, पाचवा हातात धरलेला. पाचवा टाळू नका. एक लिटरचा लोटा पांढऱ्यावर एकटा ठेवला की घागरीएवढा वाटतो, हातात धरला की प्रश्न संपतो. फोटोची लांब बाजू १६०० पिक्सेल किंवा जास्त ठेवा, म्हणजे मोठं करून बघता येतं.

येवल्याची पैठणी विकणाऱ्यासाठी साचा करत असाल तर हीच यादी वापरून भागणार नाही. तिथे गिऱ्हाईक पदर उलटून बघतं. हातमागाच्या पैठणीचा पदर मागूनही जवळपास पुढच्यासारखाच स्वच्छ असतो, धागे लोंबत नाहीत. म्हणून पदराच्या मागच्या बाजूचा फोटो हा स्वतंत्र, सक्तीचा रकाना करा. त्याशिवाय काठ नारळी की मुनिया, पदरावर मोर की आसावली, जर कसली, ब्लाउजपीस आहे का, हेही रकाने हवेत. सिल्क मार्कचं, म्हणजे शुद्ध रेशमाच्या खुणेचं लेबल असेल तर त्याचा फोटो. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, पण ते चिन्ह अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असलेल्यानेच लावायचं असतं. नोंद नसेल तर साच्यातून ती जागाच काढून टाका.

सहावी पायरी: बदलणारं आणि न बदलणारं वेगळं करा

मी केलेली सगळ्यात मोठी चूक इथली. पहिल्या वर्षी बॅनरच्या चित्रातच दिवाळीची सूट लिहून टाकली. दिवाळी संपली, सूनबाईंना ते पुसता येईना, माझा फोन लागेना. सूट संपल्यावरही पंधरा दिवस लोक ती मागत होते आणि काकांनी शब्द राखायचा म्हणून ती दिली. ते नुकसान त्यांनी सोसलं. तेव्हापासून तारीख, टक्के, भाव यातलं काहीही मी चित्रात लिहीत नाही. त्यासाठी मजकुराची एक वेगळी पट्टी ठेवते, जी विक्रेता स्वतः बदलू शकतो.

ही पट्टी नाशिकला आणखी एका कारणाने लागते. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गावाचं लक्ष गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडे लागतं, पूर किती चढला ते त्याच्यावरून कळतं. पाणी चढायला लागलं की सराफ बाजार, भांडी बाजारातली दुकानं माल वर हलवतात. अशा दिवसांत पार्सल निघत नाही. पट्टीत घालायची दोन-तीन वाक्यं आधीच लिहून सूनबाईंच्या मोबाईलमध्ये ठेवली आहेत: “पुरामुळे पार्सल दोन दिवस उशिरा निघेल.” नुसतं चिकटवायचं. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी वेगळी वाक्यं लागतील, कारण पर्वणीच्या दिवसांत गावातले रस्ते बंद असतात आणि नेमकी तेव्हाच पूजेच्या भांड्यांना मागणी असते.

सातवी पायरी: कायद्याचे रकाने

थोडक्यात सांगते, पण सोडू नका. वेष्टनबंद वस्तू ऑनलाइन विकताना वैधमापनशास्त्राच्या नियमांप्रमाणे कमाल किरकोळ किंमत, निव्वळ प्रमाण, उत्पादकाचं नाव-पत्ता, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क आणि मूळ देश पानावर दिसावा लागतो. यातली किंमत आणि प्रमाण दर वस्तूला बदलतं; बाकीची माहिती बहुतेक वस्तूंना सारखीच असते, म्हणून ती साच्यात एकदाच भरून कुलूप लावा. मनुका, बेदाणे, चिवडा असा खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्याचा, १४ आकडी क्रमांकही.

आठवी पायरी: स्वतः हात न लावता भरून घ्या

साचा तयार झाला की विक्रेत्याच्या शेजारी बसा आणि गप्प राहा. नवीन वस्तू त्यांनाच टाकू द्या. जिथे त्या अडतील तिथे चूक साच्याची, असं धरून दुरुस्त करा. सूनबाई “पोटाचा व्यास” या रकान्यापाशी थांबल्या, कारण टेप कुठे लावायची ते कळेना. तिथे आम्ही लोट्याचं छोटं रेखाचित्र घातलं. पहिलं लिस्टिंग व्हायला पाऊण तास लागला, दहावं दहा मिनिटांत झालं.

वापराच्या सूचना एका पानात, मराठीत, छापून द्या. खात्याचा पासवर्ड स्वतःकडे ठेवू नका. वापरकर्ता म्हणून मर्यादित परवानगी घ्या आणि काम झाल्यावर काढून टाकायला सांगा. मूळ फाइली विक्रेत्याच्याच ड्राइव्हवर, नावात महिना आणि वर्ष घालून.

तीन महिन्यांनी परत जा आणि गिऱ्हाइकांनी निरोपातून विचारलेले प्रश्न एकत्र वाचा. जो प्रश्न तीनदा आला त्याचा नवा रकाना करायचा. आमच्या बाबतीत तो होता, “पातेलं इंडक्शनवर चालेल का?” दुकानात बसले होते त्या दिवशी हे एकानेही विचारलं नव्हतं. तांब्याला चुंबक लागत नाही, त्यामुळे नेहमीच्या इंडक्शन शेगडीवर ते तापत नाही. आता स्वयंपाकाच्या भांड्यांच्या साच्यात कल्हईच्या खालीच “इंडक्शनवर चालणार नाही, गॅसवर चालेल” ही ओळ कायमची घातली आहे.