जुन्या बीबीएसच्या फाइली इंटरनेटवर देताय? या चुका टाळा

महिन्यातून एकदा तरी कोणाचा तरी मेसेज येतो, "दादा, झिप उघडत नाही." मी विचारतो, किती बाइटची आहे? उत्तर येतं, "तीनशे चाळीस केबी." अरे बाबा, बाइट विचारले होते. सगळी गोम त्या कमी-जास्त झालेल्या चार-पाच बाइटांत असते.

माझ्याकडचा साठा मावसभावाचा. इंटरनेट अजून घरोघरी पोचलं नव्हतं तेव्हा त्याने दादरच्या घरातून दोन वर्षं बुलेटिन बोर्ड, म्हणजे बीबीएस, चालवला. लोक कम्प्युटरवरून फोन लावून त्यावरच्या फाइली आणि निरोप घ्यायचे. एक फोन, एक मॉडेम, एका वेळी एकच माणूस आत. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि मग बोर्डाकडे कोण बघतो! फ्लॉप्यांच्या दोन ट्रंका देवगडला आमच्या माळ्यावर येऊन पडल्या. खाऱ्या हवेत पंचवीस पावसाळे काढून जेवढ्या वाचल्या तेवढ्या मी सध्या हव्या त्याला देतो. आता चुका.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे एफटीपीचा, म्हणजे सर्व्हरवर फाइली चढवायच्या-उतरवायच्या जुन्या पद्धतीचा, टेक्स्ट मोड. हा प्रोटोकॉल इतका जुना आहे की काही सांगितलं नाही तर तो फाइलला मजकूर समजतो. विंडोजमध्ये ओळ संपली की १३ आणि १० असे दोन बाइट येतात, लिनक्समध्ये नुसता १०. टेक्स्ट मोडमध्ये फाइल विंडोजवरून लिनक्सवर गेली की जिथे जिथे १३ आणि १० शेजारी दिसतील तिथला १३ गळतो. मजकुरात हे चालतं. झिपमध्ये ती जोडी निव्वळ योगायोगाने आलेली असते, साधारण दर ६५,५३६ बाइटांमागे एकदा.

कुडाळच्या एका कॉलेजच्या पोराने माझ्याकडून चाळीसेक फ्लॉप्या नेल्या. म्हणाला, "दोन दिवसांत सगळं वर चढवतो." खरंच चढवलं. आठवड्याने एक झिप उतरवून बघितली. आतली यादी दिसते, फाइल बाहेर काढायला गेलं की सीआरसीची चूक, म्हणजे झिपमधली तपासणीची बेरीज जुळत नाही. माझ्या वहीत ३,४०,११२ बाइट, सर्व्हरवर ३,४०,१०७. पाच बाइट गायब. दुसरी फाइल तीनने कमी, तिसरी सहाने. मी फोन केला, "मूळ प्रती आहेत ना रे?" तर पठ्ठ्याने लॅपटॉपवर जागा हवी म्हणून त्या उडवल्या होत्या. फ्लॉप्या पुन्हा वाचायला घेतल्या, तेव्हा त्यातल्या सात बुरशीने परत वाचूच दिल्या नाहीत.

यातली मेख अशी की उलट्या दिशेने झालेली चूक सुधारता येते. लिनक्सवरून विंडोजवर टेक्स्ट मोडमध्ये आलेल्या फाइलमध्ये प्रत्येक १०च्या आधी एक १३ घुसतो, म्हणून ती दर २५६ बाइटांमागे एक अशी फुगते. त्या ३,४०,११२ बाइटांएवढ्या फाइलला तेराशेच्या वर बाइट जास्त दिसले तर समजा हाच प्रकार. प्रत्येक १३-१०च्या जोडीतला १३ काढला की मूळ फाइल जशीच्या तशी परत. पण रोडावलेल्या फाइलचं काही होत नाही. तेराशे जागांपैकी नेमक्या कुठल्या पाच ठिकाणी १३ होता, हे तुम्हाला कोण सांगणार?

फाइलझिला या एफटीपीच्या प्रोग्रामचा 'ऑटो' मोड एक्स्टेन्शन बघून ठरवतो. त्याच्यावर विसंबू नका, बायनरी करून ठेवा आणि विसरून जा. माझी सवय आणखी मागासलेली आहे. फ्लॉपी वाचली की बाइटांचा आकडा पेन्सिलने तिच्या पाकिटावर लिहितो आणि एसएचए-२५६ची बेरीज (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, एक बाइट बदलला तरी बदलतो) वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. वेळ जातो. जाऊ दे.

दुसरी खोड म्हणजे नीटनेटकेपणा. नवीन माणसाला झिप उघडून, आतलं आवरून, परत बांधायची फार हौस. आंब्याची पेटी फोडून पुन्हा भरली की आत देवगडचाच हापूस आहे हे कोणी मानत नाही, तसंच हे. परत बांधताना झिपमधली बोर्डाची टिप्पणी जाते आणि कधी तारखाही बदलतात. बहुतेक वेळा कारण एवढंच असतं की विंडोजने फाइल उघडली नाही. पीकेझिप या झिप बांधायच्या मूळ प्रोग्रामच्या १.x आवृत्त्या 'इम्प्लोड' पद्धतीने फाइल दाबायच्या, ती विंडोजच्या स्वतःच्या झिपला कळत नाही. फाइल चांगली असते. सेव्हन-झिप वापरा. झिपसारखे दुसरे जुने प्रकार, एआरजे आणि एलझेडएचही त्यात उघडतात, एआरसी आणि झूसाठी 'द अनआर्कायव्हर' घ्या.

फाइलींची नावं स्मॉल लेटरमध्ये करू नका. लिनक्सला कॅपिटल-स्मॉलचा फरक कळतो, जुन्या याद्यांना नाही, मग यादीतल्या नावाने फाइल सापडत नाही.

वर्णनाच्या डिझ फाइली नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह करू नका. त्या डॉसच्या ४३७ क्रमांकाच्या कोड पेजात, म्हणजे अक्षरांच्या जुन्या तक्त्यात आहेत. चौकटीच्या आडव्या रेघेच्या जागी डोक्यावर दोन टिंबं असलेला ए दिसला तर फाइल बिघडलेली नाही, तुमचा चष्मा चुकीचा आहे.

अँटिव्हायरस ओरडला की "बंद करा" असं लोकांना सांगू नका. पीकेलाइट या प्रोग्राम लहान करणाऱ्या साधनाने दाबलेल्या प्रोग्रामवर तो उगाच ओरडतो हे खरं, पण त्या काळच्या फ्लॉपीत कधीकधी खराखुरा व्हायरस निघतो.

शेअरवेअर (आधी वापरून बघा, मग पैसे भरा) असेल तर फाइलींचा मूळ संच पूर्ण द्या, कोणाची रजिस्ट्रेशन की देऊ नका. मॅक्सिमस, सिंक्रोनेटसारखी बोर्ड चालवायची सॉफ्टवेअरं जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुली झाली आहेत, ती बिनधास्त द्या.

आता माझी स्वतःची चूक. बोर्डाचं अख्खं फोल्डर मी एकदा तसंच बांधून ठेवलं होतं, रात्री वर चढवायचं म्हणून. जेवण झाल्यावर सहज आतली यूझर्सची फाइल उघडली. दोनशेच्या वर नावं, फोन नंबर आणि उघडे पासवर्ड, कसलंही कुलूप नाही. नंबर सात आकडी. वाटलं, तीस वर्षांत सगळे बदलले असतील. मुंबईच्या जुन्या नंबरापुढे नंतर २ लागला, म्हणून एकापुढे २ लावून फिरवून बघितला. रिंग गेली. एका आजींनी उचलला. मी त्या मुलाचं नाव घेतलं.

"तो अमेरिकेत असतो. तुम्ही कोण?"

"काकू, पूर्वी ते कम्प्युटरवरून फोन लावायचे ना, त्याबद्दल होतं..."

"त्याचं काय आता? रात्र रात्र फोन अडकवून ठेवायचा मेला. बिल आम्ही भरलं!"

मी माफी मागून फोन ठेवला आणि ती झिप उडवली. तेव्हापासून सॉफ्टवेअर कंपनीने दिलं तसं वेगळं, आणि चालवलेल्या बोर्डाचं फोल्डर वेगळं. दुसऱ्यातली यूझर्सची फाइल, खासगी निरोप आणि लॉग घराबाहेर जात नाहीत. मावसभावाने मागितले तरी त्याला इथे येऊन बघावे लागतील.

घरच्या कनेक्शनवरून सर्व्हर चालवायची हौस असेल तर आधी आपल्याला स्वतंत्र आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) आहे का बघा. बऱ्याच कंपन्या एकाच आयपीमागे शेकडो घरं ठेवतात, मग तुम्ही राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरून कोणी आत येत नाही. मी भाड्याच्या सर्व्हरवर ठेवतो. इथे जून लागला की फांदी तारेवर पडते आणि अर्धी फाइल तशीच लटकते. त्या अर्ध्या फाइलीच लोक उतरवून नेतात आणि मग मला मेसेज करतात. म्हणून मी आर-सिंक या फाइली पाठवायच्या प्रोग्रामने चढवतो, '--partial' लावलं की ते तुटलं तिथून पुढे घेतं, आणि फाइलच्या नावाला 'पार्ट' लावून ठेवतो. पूर्ण चढली, बेरीज जुळली की मगच नाव बदलतो. मध्ये कोणी विचारलं तर सांगतो, लाईट यायची आहे.