रिक्षात मावणारा बास रिग कसा जमवायचा आणि सेट कसा करायचा

बास रिग म्हणजे बास गिटारचा अॅम्प आणि स्पीकर. हेड (अॅम्पचा डबा) क्लास डीचं, म्हणजे हलक्या जातीचं घ्या, कॅब (स्पीकरचा डबा) हलक्या निओडिमियम मॅग्नेटवाली, एका बारा इंची स्पीकरची. हेड बासच्या बॅगेच्या खिशात, कॅब हातात, झालं. जड फेराइट मॅग्नेटवाली कॅब स्वस्त पडते खरी, पण जॅमरूम तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद असली की वाचवलेले पैसे आठवतात.

हेडवर ५०० वॅट लिहिलेले असतात ते बहुतेक वेळा ४ ओहमला (ओहम म्हणजे कॅबचा विजेला होणारा अडथळा). ८ ओहमची एकच कॅब लावली तर ३००च्या आसपास मिळतात, आणि कानाला तो फरक फार नसतो, त्यामुळे नुसत्या वॅटच्या मागे लागू नका. पुढे दुसरी ८ ओहमची कॅब जोडली की दोन्ही मिळून ४ होतात. हेडची किमान मर्यादा ४ ओहम असेल तर तिथेच थांबायचं.

हेड ते कॅब स्पीकर केबलच, शक्यतो स्पीकॉन (फिरवून लॉक होणारा प्लग). गिटारची केबल तिथे नाही म्हणजे नाही, आतली तार बारीक असते, तापते.

आता खरी गोम. मी बरेच दिवस अडकलो ते इथेच.

गेन (हेडमध्ये शिरणाऱ्या सिग्नलची पातळी) लावताना गिगमध्ये जितकं जोरात वाजवणार तितकंच जोरात वाजवा, स्लॅप (अंगठ्याने तारा आपटणं) करत असाल तर स्लॅपच करा. क्लिपचा (सिग्नल फाटतोय हे सांगणारा) लाल दिवा जेमतेम लुकलुकला की नॉब किंचित मागे. घरी खाटेवर बसून हळू वाजवत लावलेला गेन ड्रमर सुरू झाल्यावर काही कामाचा नाही, कारण हात आपोआप जड पडतो.

मग ईक्यू, म्हणजे बास (खालचे सूर), मिड (मधले) आणि ट्रेबल (वरचे) यांचे नॉब. सगळे नॉब मध्यावर ठेवा आणि बासच्या नॉबला हात लावू नका. एकट्याने वाजवताना बास वाढवून मिड कापले की भारी वाटतं, आणि बँडमध्ये तोच आवाज गायब होतो, मग माणूस अजून बास वाढवतो, व्हॉल्यूम वाढवतो आणि स्पीकर फडफडायला लागतो. मोकळ्या ई तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा, पाच तारांच्या बासवर बी ३१चा. स्वर एक सप्तक खाली गेला की तितक्याच आवाजासाठी स्पीकरच्या कोनला (पडद्याला) चौपट हलावं लागतं. वर ६ डेसिबल बूस्ट दिला तर पॉवर चौपट लागते. एवढुशा कॅबने ती आणायची कुठून? "बास वाढव, जाड येईल" सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. उलट २५० ते ८०० हर्ट्झमधले मिड थोडे वर घ्या, कान ई ओळखतो तो बराचसा ८२ हर्ट्झ आणि त्याच्या वरच्या हार्मोनिक्सवरूनच (मूळ स्वराच्या पटीतले सूर). हाय-पास फिल्टर (लावलेल्या हर्ट्झच्या खालचं कापणारा) असेल तर चार तारांना ४०च्या जवळ लावा, स्पीकर लगेच मोकळा श्वास घेतो.

तरीही पातळ वाटलं तर कॅब भिंतीला सरकवा, कोपऱ्यात बास आपसूक वाढतो. गणपतीतल्या प्लायवूडच्या पोकळ स्टेजवर मात्र उलटं, तिथे सगळं घुमतं, कॅब मजबूत स्टुलावर चढवा, कानाच्या जवळही येते.

लोकांपर्यंतचा आवाज पीएचं (प्रेक्षकांसाठीच्या मोठ्या स्पीकरांचं) काम. हेडच्या डीआयमधून (मिक्सरला जोडायचं आउटपुट) मिक्सरला लाइन द्या, प्री ईक्यूवर (ईक्यूच्या आधीचा सिग्नल), म्हणजे तुम्ही स्टेजवर नॉब फिरवले तरी साउंडवाल्याचा मिक्स हलत नाही. घूं असा आवाज आला तर डीआयचा ग्राउंड लिफ्ट (सिग्नल केबलचा ग्राउंड तोडणारं बटण) दाबा. प्लगची अर्थिंगची पिन काढायला कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा, त्याने शॉक बसून जीव जाऊ शकतो.