ओपन माइक ते स्लॅम: तीन मिनिटांची तयारी

ओपन माइक म्हणजे कोणीही नाव लिहून आपली कविता म्हणू शकेल असा कार्यक्रम; त्याला स्पर्धा समजून जाऊ नका. तिथे गुण नसतात, म्हणूनच कच्ची कविता लोकांसमोर तपासायला ती उत्तम जागा. लवकर पोहोचून यादीत नाव लिहा आणि आपली कविता झाल्यावरही शेवटपर्यंत थांबा. नवी कविता दोन-तीन ठिकाणी म्हणा आणि कुठल्या ओळीला खुर्च्या करकरल्या, तेही टिपून ठेवा. ती ओळ बहुधा कापायची असते. कागदावरची लांबलचक वाक्यं कानाला पेलत नाहीत, तीही इथेच उघडी पडतात.

माइक तोंडापासून चार बोटं लांब आणि किंचित तिरका धरा. अगदी समोर धरला तर प, फ, ब, भ उच्चारताना हवेचा फटका बसून धप्प असा आवाज येतो. जाळीवर मूठ आवळू नका, आवाज कोंदट होतो आणि शिट्टीही वाजते.

स्लॅम म्हणजे कविता सादर करण्याची गुणांची स्पर्धा, तिचं गणित वेगळं. कवी मार्क स्मिथ यांनी शिकागोत सुरू केलेला हा प्रकार 1986 पासून तिथल्या ग्रीन मिल या जॅझ क्लबमध्ये रुजला. रूढ नियम असे: कविता स्वतःची, वेळ तीन मिनिटं, वाद्य, वेशभूषा किंवा वस्तू नाही. प्रेक्षकांतून निवडलेले पाच परीक्षक 0 ते 10 गुण देतात, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळतात. 7.8, 8.1, 8.4, 8.6, 9.5 मिळाले तर बेरीज 25.1. तीन मिनिटांवर दहा सेकंदांची सवलत असते, त्यानंतर दर दहा सेकंदांना अर्धा गुण जातो. म्हणजे 3 मिनिटं 14 सेकंद घेतलेत, तर हाती 24.6. आयोजकागणिक फरक पडतो, आधी विचारून घ्या.

नवखे बहुतेक इथेच मार खातात. घड्याळ कवितेच्या पहिल्या ओळीपासून नव्हे, तुम्ही प्रेक्षकांशी पहिला संवाद साधता तेव्हापासून चालू होतं. प्रस्तावनाही त्यातच मोजली जाते. शिवाय टाळ्या-हशा ओसरेपर्यंत थांबावं लागतं. म्हणून घरी कविता 2 मिनिटं 40 सेकंदांत बसवा. वेळ भरून काढायला वेग वाढवू नका, कडवं काढा. घाईत शब्दांचे शेवट गिळले जातात आणि परीक्षकांना नेमका तोच भाग ऐकू येत नाही.

रात्र चढते तसे गुणही चढतात, त्यामुळे सर्वांत आधी म्हणण्याची चिठ्ठी निघणं तोट्याचं. त्यासाठीच स्पर्धेबाहेरचा एक कवी आधी म्हणतो आणि परीक्षकांचा हात बसतो. तरीही पहिल्या फेरीतच काही कवी बाद होणार असतील, तर राखून ठेवलेली भक्कम कविता तिथेच काढा. दुसरी फेरी मिळेलच असं नाही.