ऑर्किडच्या कुंड्या मृगाआधी भरायला काढू नका

मेअखेरीस जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर असतो आणि दुपारी झळा चालू असतात. अशा दिवसांत ऑर्किडचं झाड उपटलं तर मुळं सुकतात. कुंड्या बदलायच्या त्या पाऊस स्थिरावून बुडाशी नवी मुळं फुटू लागली की. आत्ता फक्त माध्यम, म्हणजे कुंडीत मातीऐवजी भरायचं मिश्रण, तयार करून ठेवा.

आपली काळी माती ऑर्किडला चालत नाही, थोडीसुद्धा नाही. डेंड्रोबियम, व्हांडा, कॅटलिया ही झाडांच्या फांद्यांवर वाढणारी जात. मुळांना ओल हवी तशी हवाही हवी. म्हणून कोळसा आणि विटांचे तुकडे वापरायची शिफारस सगळीकडे ऐकू येते. कोकणातल्या दमट हवेत ती बरोबर आहे. आपल्याकडे वर्षातले सात-आठ महिने हवा कोरडी, तिथे नुसता कोळसा सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत टिकवत नाही.

माझं मत असं की शेडनेटमधल्या डेंड्रोबियमसाठी दोन भाग लोणारी कोळसा, दोन भाग कोकोचिप्स (नारळाच्या सोडणाचे तुकडे) आणि एक भाग भाजक्या विटेचे तुकडे घ्यावेत. कुंड्या थेट पावसात राहणार असतील तर चिप्स निम्म्या करा, नाहीतर श्रावणात मुळं कुजतील. तुकडे बोराएवढे असावेत. चुरा आणि धूळ चाळून टाकाच, कारण तीच खाली बसून पाण्याचा निचरा अडवते. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, भुसभुशीत आणि स्वस्त दिसतं, पण बारीक असल्याने कुंडीत गच्च बसतं. ते घेऊ नका.

कोकोचिप्समध्ये क्षार असतात. चार-पाच दिवस भिजत घाला, रोज पाणी बदला. तांबूस रंग उतरत गेला की समजा काम होत आलं. कोळसाही धुऊन घ्या.

फॅलेनोप्सिस या ऑर्किडला मॉस (वाळवलेलं शेवाळ) घालतात. उन्हाळ्यात ते सोयीचं पडतं, पावसाळ्यात मात्र सतत ओलं राहतं, म्हणून ती कुंडी आडोशालाच हवी. व्हांडाला माध्यम लागतच नाही, उघडी टोपली पुरे, पण उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी देणं जमत असेल तरच व्हांडा लावा.

आपल्या भागातली खरी अडचण बोअरच्या पाण्याची. त्यातले क्षार कोळशावर आणि मातीच्या कुंडीच्या काठावर पांढरे साचतात आणि मुळांची टोकं करपतात. पन्हाळीखाली टाकी ठेवा आणि जमेल तितकं पावसाचं पाणी साठवा. बोअरचंच पाणी वापरावं लागलं तर महिन्यातून दोनदा कुंडीतून भरपूर पाणी आरपार जाऊ द्या. १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ते एक ग्रॅमच, तेही ओल्या मुळांवर.

कुंडी बदलताना प्रत्येक मूळ दोन बोटांत दाबून बघा. जिवंत मूळ टणक लागतं. कोरडं असताना रुपेरी दिसतं, भिजलं की हिरवं होतं. मेलेल्याची साल हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. तेवढीच कापा, कात्री प्रत्येक झाडागणिक ज्योतीवर तापवून घ्या. कुंडी मुळांना जेमतेम पुरेल एवढीच घ्या, झाड काडीला बांधा म्हणजे हलणार नाही आणि पहिले काही दिवस पाणी कमी, फवारा जास्त ठेवा.

सातपुड्यातल्या सीतेच्या वेणीसारखी रानातली ऑर्किडची झाडं कुंडीसाठी काढून आणू नका. रोप रोपवाटिकेतूनच घ्या, आणि घेतानाच त्याची मुळं बघा.